पोपटमासा : नाव, रूप आणि काम



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हांला शास्त्र शिकवीत; मी मात्र जन्मभर मराठी शिकविले. त्यामुळे त्यांच्या नावाने बोलावयास उभे राहताना विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. साहित्यावर बोलावे तर सरांची आठवण दूर राहते आणि शास्त्रावर बोलावे तर माझा अधिकार तोकडा पडतो. अखेर शाळेच्या प्रयोगशाळेतील एका बाटलीने हा प्रश्न सोडविला.

१९६० नंतरच्या दशकात या शाळेत शिकलेल्यांना ती बाटली आठवत असेल. खिडकीजवळच्या कपाटात, वरच्या फळीवर, औषधी द्रावणात बुडविलेला वीतभर लांबीचा एक मासा होता. इंदूर समुद्रापासून शेकडो मैल दूर. नर्मदेपलीकडचे पाणी आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले नव्हते. बाटलीवरील चिठ्ठीत सरांच्या वळणदार अक्षरांत ‘पोपटमासा’ असे लिहिले होते. मासा मात्र राखाडी होता. प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘रंग’ या शब्दापुढे मी प्रामाणिकपणे ‘राखाडी’ असे लिहिले. सरांनी ते खोडले नाही. त्याच्या आधी लाल शाईने एक शब्द जोडला : ‘बाटलीत’. आणि अर्धा गुण दिला.

त्या उरलेल्या अर्ध्या गुणाचा शोध घेण्यास मला पुढे पन्नास वर्षे लागली. लक्षद्वीपच्या प्रवासात काचेच्या तळाच्या नावेत बसलो असता खालून हिरवा, निळा आणि गुलाबी रंग ल्यालेला एक मासा सावकाश निघून गेला. नावाड्याने त्याचे जे इंग्रजी नाव सांगितले त्याचा अर्थ ‘पोपटमासा’ असाच होता. त्यानंतर या माशाविषयी जे वाचनात आले ते आज आपल्यासमोर मांडतो. प्राणिशास्त्राचा अभ्यासक म्हणून नव्हे, तर नावे आणि त्यांचे अर्थ यांच्याशी आयुष्यभर व्यवहार केलेला माणूस म्हणून मी बोलत आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

रूप

पोपटमासा हे एका माशाचे नाव नसून एका कुळाचे नाव आहे. या कुळात सुमारे शंभर जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात, प्रवाळखडकांच्या आसऱ्याने राहतात. प्रवाळ म्हणजे आपले पोवळे. हे सूक्ष्म जीव आपल्या भोवती चुन्याचे घर बांधतात, पिढ्यांमागून पिढ्या त्या घरांवर घरे रचली जातात आणि त्यांतून समुद्राच्या तळापासून वर येणारा खडक तयार होतो. हिंदी महासागर, तांबडा समुद्र, प्रशांत महासागर आणि कॅरिबियन समुद्र या सर्व ठिकाणी अशा खडकांवर पोपटमासे दिसतात.

या कुळातील पुष्कळशा जाती हातभर किंवा त्याहून कमी लांबीच्या असतात. अंग भरदार आणि खवले मोठे. पोहण्याची ढब मोठी पाहण्यासारखी आहे. सामान्यतः मासा शेपटी हलवून पुढे जातो. पोपटमासा मात्र छातीजवळचे दोन पर वल्ह्यांसारखे मारीत चालतो आणि शेपटीचा जोर संकटाच्या वेळी पळण्यासाठी राखून ठेवतो. पाण्यातून जाताना तो पंख हलविणाऱ्या पाखरासारखा भासतो. परंतु त्याला पोपट म्हणतात ते या चालीमुळे नव्हे, आणि केवळ हिरव्या रंगामुळेही नव्हे. ते नाव त्याच्या चोचीमुळे पडले आहे. तिच्याकडे आपण पुढे वळू. आधी रंगाचा विचार करावयास हवा, कारण रंगाने या माशाच्या बाबतीत विद्वानांनाही दीर्घकाळ चकविले आहे.

बहुतेक जातींत पोपटमाशाच्या आयुष्याचे रंगाच्या दृष्टीने टप्पे पडतात. पिल्लाचा रंग वेगळा. त्यानंतर येतो तो प्रौढपणाचा पहिला टप्पा : तपकिरी, करडा, विटकरी अशा साध्या रंगांचा. या टप्प्यातील बहुतेक मासे माद्या असतात. काही नरही याच वेषात वावरतात. शेवटच्या टप्प्यात मासा आकाराने मोठा होतो आणि त्याच्या अंगावर हिरवा, मोरपिशी, निळा, गुलाबी, पिवळा असे रंग फुलतात. हा टप्पा नराचा. आश्चर्य असे की, या देखण्या नरांपैकी पुष्कळ जण आधी मादी होते. अनेक जातींत एक मोठा नर आणि त्याच्याभोवती काही माद्या असा कुटुंबकबिला असतो. तो नर नाहीसा झाला की माद्यांपैकी एखादी मोठी मादी हळूहळू नर बनते. तिच्या शरीरातील अंडकोशाची जागा वृषण घेतात, वागणूक पालटते आणि रंगही पालटतो. निसर्गात हा प्रकार अपवादात्मक नाही. प्रवाळखडकांवरील कित्येक माशांची ही नित्याची रीत आहे.

या नियमालाही अपवाद आहेतच. भूमध्य समुद्रातील पोपटमाशाच्या जातीत मादी लाल अंगाची, पिवळ्या पट्ट्याने नटलेली, तर नर बहुधा करडा असतो. ‘नर तेवढा सुंदर’ असा सिद्धान्त मांडण्याची घाई कोणी करू नये, म्हणून जणू ही एक जात मुद्दाम मागे ठेवलेली आहे.

नाव

आता नावांची कथा. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानाच्या अभ्यासासाठी विद्वानांची एक तुकडी पाठविली होती. तिच्यात पेटर फोर्स्कोल हा स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ होता. प्राणी-वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा तो शिष्य. तांबड्या समुद्रातील मासे त्याने मोठ्या चिकाटीने गोळा केले. मासा चिरून त्याची एका बाजूची कातडी वाळवावयाची आणि झाडाचे पान वहीत चिकटवावे तशी ती कागदावर चिकटवावयाची, अशी त्याची पद्धत होती. असे कितीतरी कागद कोपनहेगनच्या संग्रहालयात आजही जपलेले आहेत. १७६३ मध्ये फोर्स्कोल येमेनमध्ये हिवतापाने मरण पावला. त्याचा सहकारी कार्स्टेन नीबूर त्याच वर्षी मुंबईस पोहोचला. तेथील मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेऊन चित्रे काढली. त्या तुकडीतून जिवंत परतलेला तो एकटाच. मित्राची टिपणे त्याने १७७५ मध्ये छापून काढली आणि पोपटमाशांच्या कित्येक जातींची शास्त्रीय नावे त्या ग्रंथापासून सुरू झाली.

त्यांतील एका जातीच्या नावात ‘सॉर्डिडस’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ ‘मळकट’. हिंदी महासागरात ही जात विपुल आढळते, आणि तिचा पूर्ण वाढलेला नर हिरव्या-निळ्या अंगाचा, गुलाबी रेघांचा, पाहताच नजर खिळवून ठेवणारा असतो. आपल्याकडे ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी म्हण आहे. येथे प्रकार नेमका उलटा झाला. सोनूबाईचेच नाव मळकट पडले आणि अडीचशे वर्षे होत आली तरी ते तिला चिकटून आहे. शास्त्रीय नामकरणात आधी दिलेले नाव सहसा बदलत नाहीत.

दुसरे उदाहरण कॅरिबियन समुद्रातील आहे. तेथे १७८८ मध्ये एका पोपटमाशाला ‘हिरवा’ या अर्थाचे नाव देण्यात आले. १७९१ मध्ये लाल पोटाच्या, तपकिरी ठिपक्यांच्या दुसऱ्या एका माशाचे वर्णन होऊन त्याला वेगळे नाव मिळाले. हे दोन मासे दोन निराळ्या जाती म्हणून दीडशे वर्षांहून अधिक काळ ग्रंथांत शेजारी शेजारी नांदत होते. हॉवर्ड विन आणि जॉन बार्डाक या अभ्यासकांनी बर्म्युडा बेटांजवळ जिवंत माशांचे निरीक्षण करून १९५७ मध्ये पोपटमाशांच्या रंगभेदाचा उलगडा मांडला. लाल तो मासा मादी, हिरवा तो नर, आणि जात एकच. या कुळात असे घोटाळे इतके झाले होते की एकेका जातीच्या नावावर अनेक नावांचा बोजा चढला होता. पुढील संशोधकांनी तो एकेक करून उतरविला.

हे थोर अभ्यासक चुकले कसे, याचा विचार केला म्हणजे सरांचा ‘बाटलीत’ हा शब्द आठवतो. त्यांच्यासमोर मासा नव्हता, माशाचे कलेवर होते. मेलेल्या माशाचा रंग झपाट्याने उतरतो आणि द्रावणात उरलासुरलाही जातो. शिवाय कलेवर आपल्या आयुष्याचा एकच क्षण दाखविते. आदल्या वर्षी तो कोण होता आणि पुढील वर्षी कोण होणार होता, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच्यासोबत पाण्यात काही काळ राहावे लागते.

चोच आणि जाते

आता चोचीकडे वळू. पोपटमाशाचे पुढचे दात एकमेकांत मिसळून त्यांची वर-खाली मिळून एक भक्कम चोच बनलेली असते. ही चोच खडकावर घासली जाऊन सतत झिजते आणि मागून नवे दात पुढे सरकत राहतात. दगड चावूनही ती फुटत कशी नाही, याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दाताच्या कवचातील फ्लोरिनयुक्त खनिजाचे अतिसूक्ष्म स्फटिक तंतूंसारखे एकमेकांत विणलेले असतात आणि या विणीमुळे चोचीला विलक्षण चिवटपणा येतो, असे त्यात आढळले.

चोचीने खडक खरवडला जातो. दळण मात्र पुढे होते. पोपटमाशाच्या घशात दातांच्या दोन पाळ्या असतात, वर एक आणि खाली एक. खरवडलेला चुनखडीचा चुरा त्यांच्यामध्ये सापडून पिठासारखा बारीक होतो. घरोघरी पहाटे फिरणारे जाते ज्यांनी ऐकले आहे त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. या माशाला जठर नसते. जठराचे बरेचसे काम हे घशातले जातेच करते. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने या माशाविषयी लिहिताना, माशांमध्ये हा एकटाच रवंथ करतो अशी समजूत असल्याचे नमूद केले आहे. समजूत चुकीची होती. परंतु हा मासा चावतो अधिक आणि गिळतो नंतर, हे तिच्यामागील निरीक्षण खरे होते.

दगड दळून त्याला मिळते काय? खडकावर शैवाल उगवते. त्याच्या आत आणि पृष्ठभागावर सूक्ष्म जीव वाढतात. पोपटमासा शैवाल खातो असे पूर्वी सरसकट म्हणत. अलीकडील अभ्यासावरून असे दिसते की, अनेक जातींना खरे पोषण या सूक्ष्म जीवांपासून मिळते आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठीच खडक खरवडावा लागतो. काही थोड्या जाती जिवंत प्रवाळही खातात. अन्नरस काढून घेतल्यावर उरलेला चुना माशाच्या शरीराबाहेर पडतो. त्यालाच आपण वाळू म्हणतो.

या दळणाचा हिशेब थक्क करणारा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील दोन जातींचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान जातीचा एक मासा वर्षाला सुमारे २४ किलो, तर मोठ्या जातीचा एक मासा सुमारे १,००० किलो खडक झिजवितो, असे त्यात दिसून आले. या कुळातील सर्वांत मोठी जात, कपाळावर उंचवटा असलेली, सव्वा मीटरहून अधिक लांब वाढते. तिचा एक मासा वर्षाला पाच टनांहून अधिक चुना खरवडतो. मालदीवमधील वक्कारू बेटाभोवतीच्या खडकाची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे बाहेरील उथळ खडकाच्या दर चौरस मीटरवर वर्षाकाठी सुमारे ५.७ किलो नवी वाळू तयार होत होती आणि तिच्यापैकी ८५ टक्क्यांहून अधिक पोपटमाशांनी दळलेली होती. अशा बेटांवर माणसे राहतात, नारळी उभ्या असतात, शाळा भरतात. त्यांच्या पायांखालची जमीन फार मोठ्या अंशी या माशाच्या जात्यातून निघालेली असते.

रात्रीचे पांघरूण

दिवसभर दळण दळणारा हा मासा रात्री खडकाच्या कपारीत शिरून गाढ झोपतो. काही जाती झोपण्यापूर्वी एक विलक्षण तयारी करतात. कल्ल्यांजवळील ग्रंथींमधून बुळबुळीत, पारदर्शक पदार्थ स्रवतो आणि तासाभराच्या आत माशाच्या सर्वांगाभोवती त्याचा एक कोश तयार होतो. मच्छरदाणीत निजलेल्या मुलासारखा मासा त्यात निजतो. सकाळी कोश टाकून बाहेर पडतो.

हे पांघरूण कशासाठी? वासावरून शिकार शोधणाऱ्या वाम माशांपासून त्याने बचाव होत असावा, असे मत पूर्वी मांडले गेले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही माशांचे कोश झोपेतच अलगद काढून घेतले आणि समुद्रातील रक्तपिपासू, गोचिडांसारखे बारीक परजीवी त्यांच्याजवळ सोडले. ज्यांचा कोश काढला होता त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक माशांना परजीवींनी गाठले. कोशातील माशांपैकी मात्र सुमारे १० टक्क्यांनाच. हा कोश बनविण्यास दिवसभराच्या शक्तीपैकी सुमारे अडीच टक्के खर्च होते, असाही अंदाज त्यांनी दिला. मच्छरदाणीची उपमा मी अलंकार म्हणून दिली खरी. परंतु प्रयोगाने ती जवळजवळ शब्दशः खरी ठरविली.

कामाचे मोल

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. प्रवाळ आणि शैवाल यांच्यात जागेसाठी अखंड स्पर्धा चालते. शैवाल भराभर वाढते, प्रवाळ सावकाश. खडक मोकळा राहिला तर प्रवाळाचे नवे अंकुर त्याला चिकटू शकतात. शैवालाने झाकला गेला तर ती संधी हुकते. पोपटमासा खडक खरवडतो तेव्हा तो ही जागा मोकळी करीत असतो.

कॅरिबियन समुद्रात याचा कडू अनुभव आला. तेथे शैवाल चरणारा काळ्या लांब काट्यांचा एक सागरी जीव विपुल होता. १९८३-८४ मध्ये रोगाची साथ येऊन त्यांपैकी बहुतेक मेले. शैवाल आवरण्याची जबाबदारी पोपटमाशांवर पडली. परंतु अनेक ठिकाणी अतिरेकी मासेमारीमुळे तेच उरले नव्हते. १९७० ते २०१२ या काळातील कॅरिबियन प्रवाळांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात प्रवाळांच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण म्हणून चरणाऱ्या जीवांच्या नाशाकडे बोट दाखविण्यात आले. मध्य अमेरिकेतील बेलिझ या देशाने २००९ मध्येच पोपटमासे पकडण्यास बंदी केली होती.

आपल्या लक्षद्वीपची स्थिती काही बाबतींत बरी राहिली, कारण तेथील मच्छीमारांचे मुख्य लक्ष खुल्या समुद्रातील ट्यूना माशावर होते. गळ आणि काठी हे त्यांचे साधन. खडकावरील मासे त्यामुळे पुष्कळसे वाचले. अलीकडे मात्र त्यांनाही मागणी येऊ लागली आहे. दुसरीकडे, समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात आणि उष्णता टिकली तर मरतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे मोठे आघात झाले, आणि २०२४ मध्ये पुन्हा झाला. १९९८ पासूनच्या दोन दशकांहून अधिक काळात तेथील पाहणी केलेल्या खडकांवरील जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्म्याने घटले आहेत. पोपटमासा समुद्र थंड करू शकत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु आघातानंतर खडकाला पुन्हा उभे राहावयाचे असेल तर जागा साफ ठेवणारे कोणीतरी लागते आणि ते काम तो करतो.

येथे नावाचा आणि रूपाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. मासेमारीत मोठा, रंगीत, डोळ्यांत भरणारा मासा आधी टिपला जातो. तो नर असतो. मळकट आणि रंगीत अशा दोन जाती मानल्या तर ‘रंगीत गेले, मळकट पुष्कळ आहेत’ असे समाधान कोणीही करून घेईल. वस्तुतः ते एकाच घरातील असतात. मोठे नर सतत काढले गेले की माद्यांना अकाली नर व्हावे लागते, अंडी देणाऱ्या मोठ्या माद्या कमी होतात आणि लहान माशांचे जातेही लहानच दळते. चुकीचे नाव हे केवळ शब्दकोशातील दोष असते असे मी अध्यापनाच्या काळात मानीत आलो. या माशाने माझी ती समजूत दुरुस्त केली.

मित्रहो, ती बाटली आता शाळेत नाही. प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली त्या धामधुमीत जुनी कपाटे मोडीत निघाली, असे कळले. बाटली गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. आजच्या मुलांना तो मासा पडद्यावर जिवंत, हालता, संपूर्ण रंगांत पाहता येतो. फक्त पडदा हीदेखील एक बाटलीच आहे, एवढे त्यांना कोणीतरी सांगावे. वर्गात वहीवर ‘रंग’ या शब्दापुढे एखादा मुलगा काहीही लिहो, त्याच्या आधी एक शब्द जोडणारे लाल शाईचे पेन शिक्षकाच्या खिशात असावे. सरांच्या खिशात ते होते. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.